दुसरं बाळ आल्यापासून साडेतीन वर्षांची मोठी मुलगी बाळाला चिमटे काढते, पुन्हा चड्डीत शू करते. तिला महिनाभर आजोळी पाठवावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका पाठवू.

तुम्ही लिहिलंय की बाळ वीस दिवसांचं आहे, सिझेरियन झालंय, मोठीचा हट्ट आणि चिमटे वाढलेत, आणि सासूबाई म्हणतात तिला महिनाभर साताऱ्याला आजोळी ठेवू, म्हणजे तिचेही लाड होतील आणि तुम्हालाही विश्रांती मिळेल. त्यांना तुमची काळजी आहे म्हणूनच त्या असं म्हणतायत. पण तिच्या बाजूने बघा. आई दवाखान्यात गेली, बाळ घेऊन आली आणि लगेच मला घरातून पाठवून दिलं. यातून ती एकच अर्थ काढणार. साताऱ्यात ती मजेत राहील, फोनवर हसेलही. परत येईल तेव्हा मात्र सगळ्या घराला बाळाची सवय झालेली असेल आणि ती एकटी पहिल्या दिवसावर असेल. आज जे सुरू आहे ते तेव्हा नव्याने सुरू होईल, बहुधा जास्त जोरात. विश्रांतीसाठी मदत हवीच आहे, तर आजोळ इकडे बोलवा. तुमच्या आईंना काही दिवस पुण्यात येऊन राहता आलं, तर दोन्ही नातवंडं एकाच घरात राहतील.

मी कर्वेनगरला राहते, बालवाडीत शिकवते आणि माझ्या दोन मुलांत साधारण एवढंच अंतर आहे. घरी नुकतं बाळ आलेली मुलं दरवर्षी वर्गात असतातच. खाऊच्या सुट्टीत ती मला घरचं सगळं सांगतात. त्यांच्या बोलण्यात बाळाचा राग फार कमी असतो. असतं ते असं: "आई म्हणाली बाळ झोपलंय, गाणं नको." "बाळाला दूध पाजायचंय म्हणून बागेत नाही गेलो." "बाळाला लागेल म्हणून मांडीवर नाही घेतलं." दिवसभरात जो जो नकार मिळतो, तो बाळाच्या नावाने मिळतो. मग राग दुसरा कुणावर काढणार?

म्हणून आजपासून एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. मोठीला नाही म्हणताना बाळाचं कारण देऊ नका. उचलून घेता येत नसेल तर "पोटावर टाके आहेत, ते भरेपर्यंत जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तू पलंगावर चढून माझ्या कुशीत ये" असं सांगा. ते खरंच आहे, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला टाके समजतात. मध्ये एक उशी ठेवली की ती निवांत टेकून बसू शकते. दूध पाजत असाल तर "माझे हात आत्ता गुंतलेत, हे झालं की तुझं चित्र बघते" म्हणा आणि झालं की खरंच बघा, विसरू नका. बाळ झोपलेलं असतानाही घरात नेहमीइतका आवाज राहू द्या. या वयात बाळं दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपतात. तेवढा वेळ साडेतीन वर्षांच्या मुलीने कुजबुजत राहावं ही अपेक्षा कुणालाच पेलणार नाही. आणि कुकरच्या शिट्टीत बाळ झोपू शकतं तसं ताईच्या गाण्यातही झोपतं.

याच्या उलटही करा, आणि तिला ऐकू जाईल असं करा. बाळ कुरकुरायला लागलं आणि अगदी भुकेचं रडणं नसेल, तर त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणा, "थांब रे राजा, आधी ताईची वेणी घालते, मग तुला घेते." बाळाला त्यातलं काहीच कळत नाही. पण जिची वेणी चाललीये तिला कळतं की थांबायची पाळी त्याच्यावरही येते. हे मी पालकसभेत दरवर्षी सांगते आणि ज्या घरांनी केलं त्यांनी फरक पडल्याचं आवर्जून कळवलंय.

दुसरं, बाळाबद्दल तिच्याशी बोला, पण तो एक माणूस आहे अशा पद्धतीने. "का रडत असेल गं तो? भूक लागली असेल, की दिवा डोळ्यावर येतोय?" तिला अंदाज करू द्या. तिचा अंदाज धरून एकदा दिवा बंद करून बघा. ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी इंग्लंडमध्ये केंब्रिजला ४० कुटुंबांच्या घरी जाऊन, दुसरं बाळ यायच्या आधीपासून, भावंडांचं निरीक्षण केलं होतं. १९८२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ज्या आया पहिल्या काही आठवड्यांत मोठ्या मुलाशी 'बाळाला काय हवं असेल, काय वाटत असेल' असं बोलत होत्या, त्या घरांतली भावंडं पुढे बाळ १४ महिन्यांचं झालं तेव्हाही एकमेकांशी जास्त मायेने वागताना दिसली. त्याला ना खर्च, ना वेगळा वेळ. दुपटं बदलताना होतं.

आता दूध पाजायच्या वेळेचं. एवढं लहान बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं आणि मोठीचे सगळे उद्योग नेमके तेव्हाच सुरू होतात, कारण तेव्हा आई उठू शकत नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्या वेळेसाठी एक पिशवी भरून ठेवा, जी फक्त तेव्हाच उघडते: खडू, जुन्या लग्नपत्रिका, चित्रांची पुस्तकं, तुळशीबागेतल्या भातुकलीतली दोन-चार भांडी. ती शेजारी बसून खेळेल, तुम्ही एका हाताने पुस्तकाचं पान उलटा. कधी तिलाही अंगावर प्यायचं आहे असं म्हणाली तर "शी, एवढी मोठी झालीस" म्हणू नका. चव घेऊ दिलीत तरी चालेल, नाही दिलीत तरी चालेल, फक्त तिला लाज वाटेल असं काही बोलू नका. बहुतेक मुलं एकदा विचारतात आणि विसरून जातात.

बाळंतिणीची खोली हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. दार लोटलेलं, आत शेक, आत आईसाठी डिंकाचे लाडू, आत बाळ, आणि मोठी बाहेर. असं करू नका, दार उघडं ठेवा. (धुरी मात्र बंदच करा, त्या धुराने बाळाच्या श्वसनाला त्रास होतो.) अळिवाची खीर वाटीभर तिलाही द्या. बाळाला आंघोळ घालायला मावशी येत असतील तर त्यांना सांगा, दोन मिनिटं मोठीच्या पायांनाही तेल चोळा. आमच्या मावशी चोळायच्या आणि माझा मोठा सकाळपासून त्यांची वाट बघत दारात उभा असायचा. पंचा धरणं, लंगोट आणून देणं ही कामं तिला आवडली तर करू द्या. नको म्हणाली तर सोडून द्या. आणि सगळं घर तिला "ताई" म्हणायला लागलं असेल, तर तुम्ही तरी तिला तिच्या नावानेच हाक मारत राहा.

चिमट्यांबद्दल. हात धरा, शांतपणे सांगा: "त्याला दुखतं. मी चिमटा काढू देणार नाही. राग आलाय का? मला सांग." त्यावर भाषण नको, फटका तर नकोच. पण दोघांना एका खोलीत एकटं ठेवू नका, अगदी भाजीला फोडणी देण्यापुरतंही नाही. यात तिच्यावर अविश्वास नाही. या वयाची मुलं प्रेमानेही धोका करतात. झोळी जोरात हलवतात, बाळ रडतंय म्हणून त्याच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा घालतात. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणी, मध, गुटी काहीच द्यायचं नसतं, हे तिलाही सोप्या शब्दांत सांगून ठेवा. बालवाडीतून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून बाळाजवळ, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळा, म्हणजे तो तिच्या एकटीचा होणार नाही. पापी घ्यायची तर पायाची. आमच्या बालवाडीत पावसाळ्यात अर्धा वर्ग नाक ओढत असतो आणि ती सर्दी घरी येणारच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा ते प्यायला मागेना, सुस्त पडलं, तर घरचे उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे न्या, रात्र असली तरी.

चड्डी ओली होण्याबद्दल फार सांगायला नको. हे बऱ्याच घरांत होतं आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप थांबतं. कपडे बदलायचे, विषय काढायचा नाही, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. मात्र शू करताना दुखतंय असं ती म्हणाली, ताप आला किंवा एकदम खूप पाणी प्यायला लागली, तर लघवी तपासून घ्या.

बालवाडी सुरूच ठेवा, तिच्या ताईंना घरची परिस्थिती सांगा. तुम्हाला दोन जिने उतरता यायला लागले की अधूनमधून व्हॅनपर्यंत सोडायला तुम्ही जा. पलंगावर तुमच्या शेजारची जागा लगेच काढून घेऊ नका. तिची झोपायची जागा बदलायची असेल तर एक-दोन महिने थांबा, आणि तेव्हा बाबाही तिच्याबरोबर त्या गादीवर झोपतील असं बघा.

आता घरातल्या माणसांची विभागणी. बहुतेक घरांत आईला बाळाकडे बघता यावं म्हणून सगळे मोठीला उचलून बाहेर नेतात. बाबा चक्कर मारून आणतात, आजोबा कमला नेहरू पार्कात नेतात. हे हवंच, पण रोज थोडा वेळ उलटं व्हायला हवं. पोटभर पाजून झालं की बाळ बाबांकडे किंवा सासूबाईंकडे द्या आणि तुम्ही मोठीबरोबर राहा. वीस मिनिटं पुरतात. दार लावून, फोन बाहेर ठेवून, ती म्हणेल तो खेळ. रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर वगैरे, म्हणजे तिला दिवसभर त्या वेळेची खात्री असते. सासूबाईंना हे काम सांगून बघाच. आजोळी पाठवा म्हणण्यामागे त्यांना तुमच्यासाठी काहीतरी करायचं आहे, ते त्यांना असं करता येईल. पुढे महिना-दोन महिन्यांनी, दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात, तुम्ही दोघीच रिक्षाने पेशवे पार्कला जा. १९५६ मध्ये सुरू झालेली तिथली छोटी आगगाडी, फुलराणी, पुण्यातल्या कितीतरी आजी-आजोबांच्याही लहानपणीची आहे. एक फेरी आणि येताना भेळ, एवढं खूप झालं.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की रात्री तुम्हालाच रडू येतं. ते मी ओझरतं घेणार नाही. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस डोळे भरून येणं अगदी सर्रास असतं. पण तुम्हाला तीन आठवडे होत आलेत. दोन आठवड्यांच्या पुढेही रडू, भीती, कशातच मन न लागणं चालू असेल, तर ते तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगायचंच असतं. त्यावर उपचार आहेत आणि बाळाला दूध पाजत असतानाही ते घेता येतात. मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार आले, तर त्याच क्षणी नवऱ्याला उठवा आणि दवाखाना गाठा. मोठीसाठी जे जे वर सांगितलं, ते तुमची तब्येत सांभाळल्यावर.

राहिलं बारसं. सव्वा महिन्यानंतर करणार आहात असं लिहिलंय, म्हणजे तयारीला वेळ आहे. पाहुणे दारातच मोठीला म्हणतात, "काय गं, आता तुझे लाड संपले!" किंवा "बाळाला आम्ही घेऊन जाऊ का?" त्यांना ती गंमत वाटते, मुलांना ते खरं वाटतं. फोनवर आमंत्रण करतानाच सांगा की आल्यावर आधी मोठीशी बोला, बाळ पाळण्यातच आहे. कोणी वाईट वाटून घेत नाही, माझा अनुभव आहे. बाळाचं नाव ठरलं असेल तर ते तिला आदल्या रात्री कानात सांगा, पाहुण्यांच्या आधी. पाळण्याशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगेल तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालणाऱ्यांत मोठीला सगळ्यात पुढे उभं करा. घुगऱ्या वाटायला छोटी वाटी तिच्या हातात द्या. भेटी उघडायचं काम तिचं. आणि मामाला सांगून ठेवा, येताना तिच्यासाठी फ्रॉक आणायला.