टर्बो लावल्यावर मूळ पिस्टन आणि रॉड किती सोसतात?

प्रश्न : माझी २०१९ची पेट्रोल स्विफ्ट आहे. इंजिन न उघडता टर्बो बसवायचा विचार आहे. आतले भाग किती बीएचपी सोसतील? कोणी १३० सांगतं, कोणी १६०.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रॉडला, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याला, बीएचपी कळत नाही, पिस्टनच्या डोक्यावरचा दाब कळतो. तुमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिलिमीटर आहे. सिलिंडरमध्ये ६० बार दाब झाला की पिस्टनवर साधारण अडीच टन भार येतो. बूस्ट देऊन, म्हणजे टर्बोने जास्त हवा कोंबून, तोच दाब ९० बारवर नेला, तर पावणेचार टनांच्या वर. हा भार टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या, मागोमाग वाढतो. आता हिशेब बघा. २०० न्यूटन-मीटर टॉर्क ३००० आरपीएमला मिळाला तर पॉवर होते सुमारे ८५ पीएस (जवळपास बीएचपीएवढंच माप), आणि ६०००ला मिळाला तर १७१. पॉवर दुप्पट झाली, पण रॉड दाबणारा भार जवळपास तेवढाच राहिला. म्हणून तुम्हाला आकडे सांगणारे दोघेही बरोबर असू शकतात. टॉर्क कोणत्या आरपीएमला येतो, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

शिवाय रॉडच्या आधी बहुधा पिस्टन जातो. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, ११:१ आहे, पिस्टन ओतीव आहेत. नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके बसले, की ओतीव पिस्टन वाकत नाही, तडकतो. दुसरं कारण पिस्टनभोवतीच्या रिंगचं. रिंगच्या दोन टोकांमधली फट कारखान्यात बिनटर्बोच्या उष्णतेचा अंदाज धरून ठेवलेली असते. उष्णता वाढली की टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला पसरायला जागा उरत नाही आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगमधला पिस्टनचा काठ तुटतो. असंच एक इंजिन मी उघडलं होतं. चारही रॉड सरळ होते आणि तिसऱ्या पिस्टनचा काठ तुकडे होऊन संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात) पडला होता.

तुमच्या जागी मी असतो तर ०.३ ते ०.४ बार बूस्टवर आणि १५० न्यूटन-मीटरच्या आसपास थांबलो असतो. मारुतीनेच बलेनो आरएसमध्ये टर्बोसाठी घडवलेल्या १ लिटर इंजिनातून १५० न्यूटन-मीटर घेतले होते, तेही १०:१ कॉम्प्रेशनवर. फ्युएल आणि इग्निशनचं ट्यूनिंग डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर), नॉकवर कान ठेवून करून घ्या. किटपेक्षा त्यावर जास्त खर्च झाला तरी चालेल. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. नोंदणीत नसलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो.

प्रश्न : पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर. रिमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) टॉर्क १७५ वरून २३० न्यूटन-मीटर होईल म्हणतात. रॉड वाकतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे इंजिन जन्मापासून टर्बोचं आहे, त्यामुळे रॉडची मला पहिली काळजी नाही. काळजी गिअरबॉक्सची आहे. त्या सात गिअरच्या ड्राय-क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) क्षमता २५० न्यूटन-मीटर आहे. जुन्या झालेल्या क्लचवर २३० टाकले तर हाताशी फारसं काही उरत नाही. ट्यूनरला सांगा, २००० आरपीएमच्या खाली टॉर्क आवरता ठेव. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जोर मागितला, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि तशा एका झटक्यातही पिस्टन फुटू शकतो. कसारा घाट चढताना गाडी वरच्या गिअरमध्ये कण्हत ठेवू नका. एस (स्पोर्ट) मोडमध्ये टाका. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं वापरा.

प्रश्न : माझ्याकडे माझदा मियाटा आहे, १.८ लिटर. मूळ रॉडवर किती जावं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : या इंजिनाचे रॉड हीच त्याची कमकुवत बाजू, हे मियाटावाल्यांना चांगलं ठाऊक आहे. चाकांवर २३० ते २५० हॉर्सपॉवरच्या पुढे रॉड वाकण्याची शक्यता धरून चालावं. तुमच्यासाठी चांगला दाखला कंपनीचाच आहे. २००४-०५च्या टर्बो माझदास्पीड मियाटात १७८ हॉर्सपॉवर होते. मोठा, उशिरा जागा होणारा टर्बो इथे फायद्याचा, कारण खालच्या आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा राहत नाही. २००च्या आसपास थांबलात तर हलक्या गाडीत मजा भरपूर आहे. त्यापुढे जायचं असेल तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या, जास्त मजबूत) रॉडचे पैसे आधीच बाजूला काढा.

प्रश्न : मग टोयोटा सुप्राचं टूजेझेड इंजिन मूळ भागांवर ६०० हॉर्सपॉवर कसं पेलतं?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : भागाकार करा. सहा सिलिंडर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १००. चार सिलिंडरच्या इंजिनात तेवढाच वाटा आला तर एकूण ४०० होतात. शिवाय ३ लिटरची क्षमता, लोखंडी ब्लॉक, सात मेन बेअरिंग, ८.५:१ कॉम्प्रेशन आणि पिस्टनला खालून ऑईलचा फवारा. टोयोटाने ते इंजिन टर्बोसाठीच आखलं होतं. त्याचा आकडा स्विफ्टला लावता येत नाही.

प्रश्न : टर्बो बसवून सहा महिने झाले. आता निळा धूर येतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : टर्बोचं सील गेलं असेल किंवा ऑईल परत येण्याचा पाइप तुंबला असेल, तरी असा धूर येतो, म्हणून लगेच इंजिन उघडू नका. आधी प्लग काढा. पोर्सेलिनवर चंदेरी कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मग कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीक-डाउन (भरलेली हवा किती गळते) अशा दोन्ही चाचण्या करा. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल आणि चालू इंजिनात डिपस्टिकच्या नळीतून जोराचा वारा येत असेल, तर रिंग किंवा तिचा काठ गेला, असं समजा. तसं असेल तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करून न्या. तुटलेला तुकडा बोअरवर ओरखडे पाडतो, आणि एका पिस्टनचं काम अख्ख्या ब्लॉकवर जातं.