म्युरिएलच्या गादीत भूत कुणी घातलं?

प्रश्न : ताई, माझा नऊ वर्षांचा मुलगा ‘करेज द कावर्डली डॉग’ ही जुनी मालिका शोधून शोधून बघतो. परवाच्या भागात नव्या गादीतलं भूत म्हातारीच्या अंगात शिरलं. मी चमकलेच, हा तर सरळसरळ ‘द एक्झॉर्सिस्ट’, अंगातलं भूत उतरवण्याचा तो गाजलेला भयपट! चिरंजीव मात्र खिदळत होते. जो सिनेमा मुलांनी पाहिलेला नाही, पाहूही नये, तो त्यांच्या कार्टूनमध्ये घालायचाच कशाला? आणि मी त्याला हे समजावून सांगायला हवं का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका सांगू. चालू भागाच्या मध्ये आईने ‘अरे, हे ना खरं म्हणजे...’ सुरू केलं की भूतही पळतं आणि हसूही.

आता पहिला. तुमच्या मुलाने त्या भागात काय पाहिलं ते बघा. घरातलं सगळ्यांत मायाळू माणूस अचानक घोगऱ्या आवाजात गुरगुरायला लागलं. दिसते तीच म्हातारी म्युरिएल, पण ती म्युरिएल नाही. हे लक्षात आलंय फक्त घरातल्या सगळ्यांत छोट्या जिवाला, म्हणजे करेज या कुत्र्याला, आणि त्याला धड सांगताही येत नाही. तिचा नवरा युस्टस तर त्याच्यावर खेकसण्यापलीकडे काही करतच नाही. ही भीती कळायला १९७३ सालचा सिनेमा पाहावा लागत नाही. आपलं कुणी ऐकून घेत नाही, याचा अनुभव नवव्या वर्षी भरपूर असतो.

खाली ही भीती पक्की बसवली आहे, म्हणून वर टवाळी चालते. भूत उतरवायचं कसं, हे करेज माळ्यावरच्या कॉम्प्युटरला विचारतो आणि तो कॉम्प्युटर प्रत्येक वेळी त्याला टोमणे मारत उत्तर देतो. मूळ सिनेमात त्या जागी धर्मगुरू आहेत, प्रार्थना आहेत, जीव मुठीत धरायला लावणारं गांभीर्य आहे. इथे आहे घाबरट कुत्रा आणि खवचट यंत्र. तुम्ही त्या फरकाला हसता, मुलगा कुत्र्याच्या तारांबळीला हसतो. एकाच वेळी, वेगवेगळ्या कारणांनी. मला हे फार आवडतं.

घालायचं कशाला, याचं एक रोकडं कारणही आहे. या मालिकेतली एक गोष्ट साधारण अकरा मिनिटांत संपते. ओळखीचा साचा घेतला की प्रस्तावनेची मिनिटं वाचतात. अर्थात हा फायदा मोठ्यांपुरता. साचा न ओळखणाऱ्या मुलाला पकडून ठेवायचं काम चित्रं आणि आवाजच करतात, आणि जिथे ते करत नाहीत तिथे विडंबन नुसतं डोळे मिचकावत उभं राहतं. उदाहरण याच मालिकेतलं घ्या. बेंटन टॅरंटेला नावाचा एक मेलेला दिग्दर्शक म्युरिएल-युस्टस या बॅग दांपत्याच्या घरी सिनेमा काढायला येतो. ते नाव कुणावरून आलं, हे दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनो माहीत असलेल्याला लगेच कळतं, मुलाला शून्य. पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळणार म्हणून हुरळलेली म्युरिएल आणि दिग्दर्शकाचा खरा बेत ओळखणारा करेज, हे दोघं तो भाग ओढून नेतात. नावाची कोटी काढून टाका, काही बिघडत नाही. माझी कसोटी हीच.

(जाता जाता : ज्या छोट्या फिल्ममधून ही मालिका निघाली, ती जॉन डिलवर्थची ‘द चिकन फ्रॉम आउटर स्पेस’ १९९६ साली ऑस्करच्या नामांकनात होती. बक्षीस गेलं ‘अ क्लोज शेव्ह’ या मातीच्या बाहुल्यांच्या फिल्मला. तिच्यातला दुष्ट यांत्रिक कुत्रा बघा आणि कोणत्या गाजलेल्या यंत्रमानवाची टर उडवलीय ते ओळखा.)

प्रश्न : मी ॲनिमेशन शिकतो. ‘करेज’मधला कॅट्झ नावाच्या बोक्याच्या मोटेलचा भाग ‘सायको’वरून उचललाय असं मित्र म्हणतात. मग चोरी आणि विडंबन यांतली रेषा कुठे? मी माझ्या फिल्ममध्ये असंच काही करतोय.

उत्तर : उचललाय, आणि उघडपणे उचललाय. आडरस्त्यावरचं मोटेल, दुसरं गिऱ्हाईक नाही, मालक नको इतका सभ्य. ‘सायको’त दिग्दर्शक हिचकॉकने १९६० साली एवढ्याच सामानावर लोकांना न्हाणीघराची धास्ती घातली. न्हाणीघरातल्या खुनाचा तो एक प्रसंग चित्रित करायला सात दिवस लागले होते आणि त्यातला सुरीचा हल्ला पडद्यावर मिनिटभरही चालत नाही.

तुम्ही बघायचं ते एवढंच, की कार्टूनवाल्यांनी बदललं काय. मुलांच्या मालिकेत सुरी चालत नाही, तिच्या जागी आले कोळी. मूळचा मालक पक्ष्यांत पेंढा भरायचा, हा बोका कोळी पाळतो. म्हणजे छंद बदलला, पण ‘छंदिष्ट माणसापासून सावध’ ही चाहूल तशीच ठेवली. आणि सगळ्यांत हुशार बदल : मोटेलमध्ये कुत्र्यांना मनाई. त्यामुळे करेज बाहेर, म्युरिएल आत. हे मुळात कुठेच नाही, ही गरज या मालिकेची. उचललेली वस्तू आपल्या गोष्टीच्या कामाला लागली की माझ्या लेखी ती तुमची.

तुमची फिल्म ‘सायको’ न पाहिलेल्या माणसाला दाखवा. त्याने ‘हे असं का झालं?’ विचारलं, तर ती जागा पुन्हा लिहा. मित्रांना दाखवू नका, ते ओळखून टाळ्या देतील.

प्रश्न : नातीबरोबर मीही ही मालिका बघतो. ते ओसाड माळावरचं घर आणि दारातलं म्हातारं जोडपं आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. भास की आणखी काही?

उत्तर : भास नाही, काका. घर आहे अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, नोव्हेअर नावाच्या गावात. कॅन्ससमधलं एकाकी शेत, त्यावर वयस्क जोडपं, एक छोटा कुत्रा आणि चक्रीवादळ म्हटलं, की १९३९चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा सिनेमा आठवायलाच हवा. तिथे या सगळ्यांबरोबर डोरोथी नावाची मुलगी असते. इथे मुलगी नाहीच. आणि मग एका भागात चक्रीवादळ येतं आणि म्युरिएललाच तीन वर्षांची पोर करून टाकतं! रिकामी जागा भरून काढायची ही तऱ्हा मला मालिकेतली सगळ्यांत चतुर वाटते, आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही.

जोडप्याचं म्हणाल, तर मला ग्रँट वूडचं १९३०चं ‘अमेरिकन गॉथिक’ चित्र आठवतं : हातात दाताळं घेतलेला शेतकरी, शेजारी ताठ चेहऱ्याची बाई. चित्रकाराने त्यासाठी आपल्या दंतवैद्याला आणि बहिणीला उभं केलं होतं. मालिकेच्या सुरुवातीला बातम्या सांगणारा निवेदक कार्यक्रम अडवून बोलतो, तीही जुनी क्लृप्ती. १९३८ साली ऑर्सन वेल्सने रेडिओवर मंगळावरच्या स्वारीचं नाटक अशाच खोट्या बातम्यांतून रंगवलं होतं. म्युरिएल सतार का वाजवते, ते मात्र कुणावरून घेतलेलं नसावं. असू द्या, छान वाजवते.

प्रश्न : मी सहावीत आहे. ‘करेज’मधला ‘रिटर्न द स्लॅब’ (शिळा परत करा) म्हणणारा राजा रॅमसेस खरा होता का? आणि त्याचा शाप? रात्री बघू का?

उत्तर : रॅमसेस नावाचे इजिप्तमध्ये अकरा राजे झाले. त्यांतल्या दुसऱ्याने सुमारे ६६ वर्षं राज्य केलं. कार्टूनमधला राजा कुणा एकावरून घेतलेला नाही, सगळ्या ममी-सिनेमांचा मिळून बनवलेला आहे. बाकी चित्रं हाताने काढल्यासारखी आणि तो एकटा कॉम्प्युटरवर घडवलेला, म्हणून तो त्या जगात उपरा दिसतो आणि तुला भीती वाटते.

शापाच्या गोष्टी वाढवल्या वर्तमानपत्रांनी. १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडली. खोदकामाला पैसे पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन पुढच्याच वर्षी वारले : डास चावलेली जागा दाढी करताना कापली गेली, ती चिघळली. कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर मात्र १९३९पर्यंत जगला.

कार्टूनमधला राजा तीन संकटं पाठवतो. पहिलं पूर, शेवटचं टोळधाड; ही टोळधाड बायबलमधल्या इजिप्तच्या संकटांची आठवण करून देते. मधलं संकट म्हणजे ग्रामोफोनवरचं कंटाळवाणं गाणं, तो यांचा स्वतःचा वात्रटपणा. भाग दुपारी बघ आणि गाणं लागलं की आवाज वाढव.