गोव्याच्या डोंगराळ भागात वाढलेल्यांनो, सुट्टीसाठी तिथली तुमची आवडती ठिकाणं कोणती?

तुम्ही लिहिलंय की समुद्र दोनदा बघून झाला, आता चार दिवस डोंगरात काढायचेत, बरोबर दोन लहान मुलं आहेत आणि सल्ला तिथे राहिलेल्या माणसाचाच हवा. मी सत्तरी तालुक्यातल्या केरीची. चोर्ल्याचा घाट जिथून चढायला लागतो, ते आमचं गाव. बारावीपर्यंत तिथेच वाढले. आता नोकरीमुळे वास्कोला असते, पण चार दिवस सलग सुट्टी मिळाली की पाय आपोआप तिकडे वळतात.

सगळ्यात आधी सुर्ला. नावावरून गोंधळ होतो, म्हणून सांगते. घाटमाथ्यावरचं सुर्ला गाव वेगळं आणि जुन्या देवळाचं तांबडी सुर्ला वेगळं. एक घाटावर, दुसरं खाली जंगलात, आणि दोन्हींचे रस्तेही वेगळे. फोनवर पत्ता शोधताना लोक इथे हमखास चुकतात.

घाटावरचं सुर्ला साधारण 800 मीटर उंचीवर आहे. खाली केरीत घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि वर पोचल्यावर अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. गावाच्या कडेला कड्यापाशी उभं राहिलं की समोर दरीत वझरा सकला कोसळताना दिसतो. आमच्याकडे धबधब्याला वझर म्हणतात. उंची 140 मीटरच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर मात्र सुरुवातीला काहीच दिसणार नाही, नुसतं पांढरंफेक धुकं. बहुतेक जण दहा मिनिटं थांबतात, फोटो मिळत नाही म्हणून गाडीत बसून निघून जातात. तुम्ही थांबा. आधी फक्त आवाज येतो, दूरवर कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत असल्यासारखा. मग वारा फिरतो, धुकं दरीतून वर सरकायला लागतं आणि काळ्या कातळावर एक पांढरी रेघ उमटते. मागच्या पावसात मी सात वर्षांच्या भाचीला घेऊन गेले होते. पाऊण तास ती माझ्या छत्रीखाली कुरकुरत उभी होती. धुकं फाटलं तशी ओरडली, "मावशी, डोंगर आला!" पाच मिनिटांत सगळं परत झाकलं गेलं, तर परतीच्या वाटेवर ती दर वळणाला विचारत होती, आता परत येईल का?

शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवसांत घाटात गाड्या आणि गोंगाट इतका असतो की पाण्याचा आवाजही ऐकू येत नाही. शिवाय घाटात ट्रकची वर्दळ असते आणि धुक्यात समोरचं वळण दिसत नाही, म्हणून दिवसाउजेडी उतरा.

दुसरं ठिकाण तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. कदंब राजांच्या काळातलं, 12व्या-13व्या शतकातलं. गोव्यातली बाकीची जुनी देवळं काळाच्या ओघात गेली, हे जंगलाच्या पोटात असल्यामुळे राहिलं असं आमचे आजोबा म्हणायचे आणि मलाही तेच खरं वाटतं. काळ्या बेसाल्टचं बांधकाम आहे. आपल्याकडे जिकडेतिकडे जांभा दगड, हा दगड या परिसरातला नव्हे. तो घाटावरून आणला असं मानतात. त्या काळी ही शिळा कुणी आणि कशी उतरवली असेल, या विचाराने मी दर वेळी तिथे थबकते. तुम्ही सकाळी लवकर जा. देऊळ पूर्वाभिमुख आहे, कोवळं ऊन सरळ आत येतं. मंडपातल्या एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली तुडवणारा हत्ती कोरलाय, तो मुलांना शोधायला लावा. नंदीचं डोकं नाही, त्यावर मुलं प्रश्न विचारतीलच. नंतर बाजूच्या नदीच्या पायऱ्यांवर बसून डबा खा. सहलीच्या बसगाड्या यायच्या आत हे सगळं उरकतं.

मुलांसाठी बोंडलाही चांगलं. 8 चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, आत प्राणिसंग्रहालय, गुरुवारी बंद. साखळी शहराजवळचं हरवळे तर अर्ध्या दिवसात होतं. धबधबा, रुद्रेश्वराचं देऊळ आणि जांभ्यात कोरलेल्या लेण्या, सगळं जवळजवळ.

आता दूधसागर. 310 मीटरवरून कोसळणारं पाणी सुंदरच आहे, नाही कोण म्हणेल? पण चारच दिवस असतील तर मी तिकडे जायला सांगणार नाही. कुळे गावाहून जाणाऱ्या जीपगाड्या पावसात बंद असतात, आणि त्या सुरू असतात तेव्हा अख्खा दिवस रांगेत आणि हादऱ्यांत जातो. रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणं बेकायदा आहे, कुणी कितीही आग्रह केला तरी मुलांना घेऊन ते करू नका.

नदीबद्दल मात्र कळकळीने सांगते. म्हादई आमची आई आहे. पुढे जाऊन तीच मांडवी होते, अर्धा गोवा तिचं पाणी पितो. पण पावसात तिच्यात उतरायचं नाही. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वर घाटात पाऊस कोसळलेला असतो, पाणी बघता बघता चढतं. माझा चुलतभाऊ असाच एकदा उस्ते गावाच्या बाजूला कातळावर अडकला होता. गावकऱ्यांनी दोर टाकून ओढला, त्याच्या गुडघ्याची खूण अजून आहे. अभयारण्यातल्या धबधब्यांवर पावसात निर्बंध असतात, निघण्यापूर्वी वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या.

राहायला हॉटेल शोधत बसू नका. वाळपई-केरीच्या बाजूला घरगुती सोय मिळते आणि जेवण तिथलंच जेवा. श्रावणात तायकिळ्याची म्हणजे टाकळ्याची भाजी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नाचणीची भाकरी. रस्त्याकडेला पानात बांधलेली अळमी म्हणजे रानातली अळंबी विकायला बसलेली दिसतील. ती रोयणीवर म्हणजे वारुळावर उगवतात आणि आमच्याकडे रोयण म्हणजे सांतेर देवी. हल्ली फार ओरबाडली जातात, म्हणून मी विकत घेत नाही. घरी कुणी प्रेमाने वाढली तर खाते. झाडीत शिरताना मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, जळवा लागतात.

मुलांची सुट्टी मे महिन्यातच असेल तर धबधबे आटलेले असतात, पण रानात करवंदं, जांभळं, घरोघरी भिरंडं म्हणजे कोकमं सुकत घातलेली आणि सगळीकडे काजूच्या बोंडांचा वास. त्या दिवसांत घाट चढताना उजेडी एकदा गाडी थांबवून खाली अंजुण्याचं धरण बघा. ते 1989 साली पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्याखाली गावं गेली. माझ्या आत्याचं सासर त्यातलंच. मेच्या शेवटी पाणी खाली उतरतं, काठाची तांबडी माती उघडी पडते. आत्या आता पंचाहत्तरीची आहे. तरी दर वर्षी मला तिथे गाडी थांबवायला लावते, काच खाली करते आणि बोट दाखवून सांगते, "तो उंचवटा बघ, त्याच्या अलीकडे आमचा फणस होता."