सामायिक मैदान कोण सांभाळणार? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : सार्वजनिक मैदान रहिवाशांनी मिळून सांभाळायचं ठरतंय. पण जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही ना?

उत्तर : अमेरिकी पर्यावरण-अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये हीच भीती मांडली होती. सामायिक कुरणावर जो तो गुरं वाढवत जातो आणि शेवटी कुरण बोडकं होतं. मात्र त्यांच्या कुरणावर कुणी कुणाशी बोलतच नाही! अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खरी कुरणं, जंगलं, पाटपाणी तपासलं, तेव्हा शेकडो वर्षं टिकलेल्या व्यवस्था समोर आल्या. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठीच मिळालं. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम बघा : हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. किती साधा नियम! कुणाच्या गोठ्यात किती गाई आहेत, हे शेजाऱ्याला दिसतंच. तुमचेही नियम असे डोळ्यांना दिसणारे हवेत.

प्रश्न : खेळणारी मुलं, चालायला येणारे ज्येष्ठ, कुत्री फिरवणारे यांची रोज भांडणं. समितीचे नियम कुणी मानत नाही.

उत्तर : नियम ठरले तेव्हा मुलांपैकी कुणी तिथे होतं का? बहुधा नसेल, आणि मला वाटतं दुखणं तिथेच आहे. तिन्ही गटांना एकत्र बसवा, वेळा त्यांनाच वाटून घेऊ द्या. महिनाभर वापरून बघा आणि खटकेल ते बदला.

प्रश्न : दंड किती ठेवावा?

उत्तर : पहिल्यांदा नुसती समज द्या, पुन्हा घडलं तर थोडा दंड, मग चढता. रक्कम मोठी ठेवली की ती वसूल करायला कुणी धजावत नाही. तंटा मात्र लोंबकळत ठेवू नका. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाटपाण्याचे तंटे दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी, सर्वांसमक्ष, तोंडीच सुटतात. निवाडा करणारे शेतकऱ्यांनीच निवडलेले असतात.

प्रश्न : प्रशासन म्हणतं, तुम्ही सांभाळताय तर आम्ही मोकळे.

उत्तर : हे मुळीच मान्य करू नका. रोजची देखरेख तुमची; दिवे, मोठी दुरुस्ती, अतिक्रमण हटवणं त्यांचं, असा लेखी करार करा. जागा सर्वांना खुली राहील, हेही त्यात येऊ द्या. देखभाल करणाऱ्यांनीच फाटकाला कुलूप लावलं, तर बाहेर राहिलेल्यांनी दाद कुणाकडे मागायची, तेही करारातच लिहा.