हैती दोनशे वर्षांपासून स्वतंत्र आहे, तरी इतका गरीब का?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, 'मग कृष्णवर्णीयांना राज्य चालवता येत नाही असंच म्हणायचं का?' मला तसं अजिबात वाटत नाही. हैतीच्या कर्जाचा हिशेब एकदा बघा.

कॅरिबियन समुद्रातला आजचा हैती म्हणजे पूर्वीची सां-दोमँग, फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा वाटा तिथून जायचा. मळ्यांवर राबायचे सुमारे पाच लाख गुलाम. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. नेपोलियनने पाठवलेल्या, १८०२ मध्ये तिथे पोचलेल्या फौजेलाही त्यांनी हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांचे सेनापती देसालीन यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं.

खरी मेख पुढे आहे. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाने युद्धनौका पाठवून कळवलं: स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर पाच वर्षांत १५ कोटी फ्रँक भरा. कशाबद्दल? मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून! आणि त्या नुकसानीत जमीन-गुरांसोबत माणसांचीही किंमत धरलेली. म्हणजे लढून सुटलेल्यांनी स्वतःचीच किंमत जुन्या मालकांना चुकवायची. ब्रिटननेही १८३३ च्या कायद्याने गुलामांच्या मालकांनाच दोन कोटी पौंड दिले, गुलामांना दमडीही नाही. पण तिथे निदान पैसा ब्रिटिश तिजोरीतून गेला.

पहिला हप्ता होता तीन कोटींचा. तेवढे पैसे हैतीकडे नव्हते, म्हणून पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून तीन कोटींचं कर्ज काढलं. त्यांनी ६० लाख आधीच कापून घेतले आणि हातात २.४ कोटी ठेवले. आपल्याकडच्या सावकाराची रीत याहून वेगळी नव्हती. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण जुनं फेडायला नवं कर्ज हे चक्र थांबलं नाही. त्याचं शेपूट १९४७ पर्यंत लांबलं.

हा पैसा आला मुख्यतः कॉफीच्या निर्यातीवरच्या करातून, म्हणजे डोंगरातल्या छोट्या शेतकऱ्याच्या खिशातून. इथे हैतीच्या राज्यकर्त्यांनाही मी सोडणार नाही. राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनी ती अट मान्य केली आणि १८२६ मध्ये शेतकऱ्यांना मळ्यांशी बांधून ठेवणारा कायदा आणला. शाळा-रस्त्यांची वेळ आलीच नाही. विसाव्या शतकात दुव्हालिए या हुकूमशहा बापलेकांनी १९५७ ते १९८६ देश लुटला, तोही स्वकीयांनीच.

अमेरिकेचं तर विचारू नका. तिने हैतीला मान्यता दिली ती थेट १८६२ मध्ये, कारण गुलामांचं राज्य मान्य करणं दक्षिणेतल्या मळेवाल्यांना परवडणारं नव्हतं. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं, आणि १९१५ पासून १९३४ पर्यंत देशच ताब्यात ठेवला. पुढे १९९० च्या दशकात आयात कर उतरवायला लावून स्वस्त अमेरिकी तांदूळ तिथे ओतला. स्थानिक भातशेती कोलमडली. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये ती चूक जाहीरपणे कबूल केली, पण तोवर शेतकरी गाव सोडून राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्ट्यांत पोचला होता. त्याच वर्षीच्या भूकंपात ते शहर कोसळलं.

२००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्तिद यांनी फ्रान्सकडे २,१०० कोटी डॉलरहून अधिक परत मागितले. पुढच्याच वर्षी त्यांची सत्ता गेली आणि मागणीही बारगळली. एप्रिल २०२५ मध्ये, चार्ल्स राजाच्या त्या फर्मानाला दोनशे वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर केली. पैसे परत करण्याबद्दल मात्र त्यांनी कसलंही वचन दिलं नाही.