वर्षभराच्या प्रवासाचे साडेतीन हजार फोटो जमलेत. त्यातले आवडते वीस कसे निवडावेत?

साडेतीन हजारांतून वीस निवडायचेत आणि तुम्हाला टेन्शन आलंय. आमच्या घरात छत्तीसांतून सहा उरले होते, तेही कोणी न निवडता, आणि त्यावरून मी आणि माझा मोठा भाऊ तीस वर्षं भांडतोय. म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

१९९३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं हंपीला गेलो. आई, बाबा, दादा आणि मी. तेव्हा आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो. दादा नुकताच नोकरीला लागला होता आणि पहिल्या बोनसमधून त्याने याशिकाचा कॅमेरा घेतला होता. सोबत रील एकच, छत्तीस फोटोंची. नशीब जोरावर असेल तर सदतिसावा निघायचा. त्या छत्तीसवर दादाचा असा पहारा, की आई म्हणाली, "त्या माकडाचा काढ ना रे," तर हा आधी काउंटर बघायचा आणि मग माकड. तोवर माकड गेलेलं असायचं. दगडी रथ, हत्तीशाळा, उग्र नरसिंह, सगळ्यांचे मोजून एकेक. हंपीत आईचा एकही नाही, कारण रील वाया जाते.

शेवटच्या संध्याकाळी हंपीजवळच्या होस्पेटच्या लॉजवर मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. काउंटरवर ३६ दिसत होतं. आधी रील उलटी गुंडाळून डबीत घ्यायची असते हे मला ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांचा होतो. ट्यूबलाइटखाली ती करडी पट्टी चकाकली, दादा ओरडला, झाकण बंद झालं. पण एवढा उजेड पुरतो.

परत आल्यावर मेन रोडच्या स्टुडिओत रील धुवायला दिली. तिथल्या काकांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरून दाखवली. काढलेले फोटो स्पूलवर गुंडाळत जातात, त्यामुळे सगळ्यात आधी काढलेले सगळ्यात आत बसतात. बाहेरचे वेढे जळून काळे, आतले वाचलेले. सहा फोटो शाबूत, सातव्याच्या कडेला नारिंगी पट्टा आणि पुढे काही नाही.

म्हणजे हंपीच्या सहलीचे सहा फोटो आणि त्यात हंपी नाही! कारण दादाला सवय होती, रील भरली की पहिले दोन-तीन 'टेस्टिंगचे' घरातच उडवायचे. एकात आमच्या वाड्याचा दरवाजा, अर्धी फळी तुटलेली. एकात आई होल्डॉलवर गुडघा देऊन पट्टा आवळतेय, तोंडात पट्ट्याचं टोक. एकात मी, जीभ काढलेला. नाशिकरोडचा पिवळा बोर्ड, आमच्यापैकी कोणीच नसलेला. गाडीच्या खिडकीतून काढलेला एक, नुसते गज. आणि फलाटावरच्या नळाखाली बाबा वाकून फिरकीचा तांब्या भरताहेत. चेहरा दिसतच नाही, पाठ दिसते आणि घामाने पाठीला चिकटलेला सदरा.

आमच्याकडे पाहुणे आले की आई हेच सहा दाखवायची. "हंपीचे फोटो" म्हणून. दादाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. दादा मागच्या वर्षी रिटायर झाला आणि वर्षभर सुटल्यासारखा फिरला. पावसाळ्यात साल्हेर, जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर, मध्ये कोकण आणि डिसेंबरात पुन्हा हंपी. फोनमध्ये चार हजार तीनशे फोटो, त्यातले एकट्या हंपीचे अकराशे. १९९३ ची भरपाई, त्याच्याच तोंडचा शब्द. त्यातून बारा निवडून भिंतीवरचं कॅलेंडर छापायचं होतं. मला बोलावलं. मी इंदिरानगरला, तो गंगापूर रोडला, रविवार गेला.

त्याची पद्धत अशी, की पहिल्यापासून बघत यायचं आणि आवडला की हार्ट. दुपारपर्यंत सहाशे दहा हार्ट झाले. तुमचंही हेच चाललंय, हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतं. एकेक बघत गेलात तर प्रत्येकच बरा वाटतो, कारण समोर आलेल्या फोटोला नाही म्हणायला जिवावर येतं.

म्हणून मी फोन काढून घेतला आणि कागद-पेन दिलं. म्हटलं, न बघता लिही, कुठले आठवतात. तुम्हीही हेच करा, माझा खरा सल्ला एवढाच आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, अर्धा तास बसा, आठवेल ते एका ओळीत लिहा. मग तेवढेच शोधा. दादाने चौदा लिहिले. साडेतीन हजारांतून तुम्हालाही वीस-पंचवीसच्या वर आठवणार नाहीत, पैजेवर सांगतो.

यातली गंमत पुढे आहे. चौदातले तीन फोटो सापडेचनात. तुंगभद्रेत ती टोपलीसारखी गोल होडी असते ना, त्यात वहिनी बसल्यात, नावाड्याने होडी गरगर फिरवली आणि वहिनी डोळे मिटून हसताहेत. दादाला फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आठवत होता, मागचे गोल खडकसुद्धा. आम्ही दीड तास शोधला. शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, होडीत तुमचा फोन माझ्या पर्समध्ये होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत." तो फोटो काढलाच नव्हता.

बरं, उरलेले अकरा. त्यात साल्हेरचा होता. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर, १६७२ ची लढाई, आता जागतिक वारशाच्या यादीत नाव, हे सगळं दादाने मला ऐकवलं. फोटोत काय, तर परशुरामाच्या मंदिरापाशी दादा आणि मागे पांढरं धुकं. सिन्नरच्या घाटात धुकं असताना काढला असता तरी हाच आला असता. पाय दुखले म्हणून फोटो चांगला होत नाही. चढाईचे कष्ट, तिकिटाचे पैसे, पहाटे तीनला उठणं, यातलं काहीही कागदावर उतरत नाही, आणि माणसं नेमकं त्यालाच मार्क देतात.

नांदूर मध्यमेश्वरचे रोहित पक्षी म्हणजे झूम करून काढलेले गुलाबी ठिपके. मोठी लेन्स नसेल तर पक्ष्यांच्या वाटेला जाऊ नका. दगडी रथाचं तर बोलायलाच नको, तो पन्नासच्या नोटेवर आहे. तुमचा त्याहून चांगला आला असेल तर ठेवा.

खरी जुंपली ती सावलीवरून. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला एका अंधाऱ्या जागी भिंतीला छोटं भोक आहे. त्यातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते, कळस खाली. खोलीच कॅमेरा झालीय म्हणा ना. हा फोटो दादाने १९९३ मध्ये काढला होता, श्वास रोखून, भिंतीला टेकून. तो माझ्यामुळे गेला. या वेळी त्याने त्या एका भिंतीचे सत्तावन्न काढले. आणि त्यातला एक त्याला कॅलेंडरवर हवाच होता.

मी नाही म्हटलं. फोटोत काय दिसतं सांगू? करडी भिंत आणि त्यावर एक फिकट त्रिकोणी डाग. समजावून सांगायला दादा शेजारी उभा असेल तर छान, पण तो काय कॅलेंडरसोबत लटकणार आहे? तो म्हणाला, "मग तांब्याचा फोटो? त्यात तरी बाबांचा चेहरा कुठे दिसतो? तोही तुला शेजारी उभं राहूनच सांगावा लागतो." यावर मला पटकन बोलता आलं नाही. पण तांब्या तांब्याच दिसतो, हे माझं म्हणणं आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

शेवटी पैसे त्याचे. सावली डिसेंबरच्या पानावर गेली. कॅलेंडर आल्यावर वहिनींच्या बहिणीने ते पान बघितलं आणि विचारलं, "ही ओल कुठल्या भिंतीला आलीय?" मी काही बोललो नाही. खरंच नाही बोललो.

छापायचं असेल तर एक ध्यानात ठेवा, आम्ही इथे फसलो. फोनचा फोटो चारास तीन असतो आणि नेहमीचा सहा बाय चारचा कागद तीनास दोन. आडव्या फोटोचा वरून-खालून मिळून नववा हिस्सा कापला जातो. ग्रुप फोटोत उंच माणसाचं डोकं जातं, आमच्याकडे माझं गेलं. स्वतः कापून मग द्या. आणि व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो साधे पाठवलेले असतील तर लहान झालेले असतात, तारीखही गेलेली असते. ज्याने काढलाय त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा.

बायको वेगळे निवडत असेल तर निवडू दे. दहा तिचे, दहा तुमचे, एकमेकांच्या दहांवर बोलायचं नाही. मित्रांना मात्र अजिबात विचारू नका, ते तुम्हाला सूर्यास्त निवडून देतील. स्पर्धेला पाठवायचे असतील तर माझं काहीच ऐकू नका, तिथे चौकट, प्रकाश वगैरे बघणारे लोक बसलेले असतात आणि त्यांना तुमच्या आईशी देणंघेणं नसतं. आणि हो, उरलेले डिलीट करू नका, मी तसं म्हटलेलं नाही. हार्ड डिस्कवर टाका आणि विसरा.

दादाही इथे असतो. हे वाचून तो खाली लिहीलच, की याने माझी तीस फोटोंची रील जाळली. लिहू दे. फक्त त्याला एवढं विचारा, की होस्पेटच्या लॉजवर बाथरूममध्ये दाढी करता करता "रील संपलीय, काढून ठेव रे" असं आतून ओरडलं कोण होतं.