गोव्यातल्या जुन्या दस्तात एकाच जमिनीचे 'दोमिनिउ दिरेतु' एकाकडे आणि 'दोमिनिउ उतिल' दुसऱ्याकडे दाखवले आहे. मग मालक कोण?

दोघेही. तुमचा दस्त अफोरामेंताचा, म्हणजे दरसाल ठरलेली रक्कम घेऊन जमीन कायमची वापरायला देण्याच्या कराराचा आहे, आणि त्यात मालकीचे दोन भाग केलेले असतात. मध्ययुगीन युरोपात रोमन कायद्याच्या भाष्यकारांनी सरंजामी जमिनींसाठी ही मांडणी केली: लॅटिनमधले 'डोमिनियम डिरेक्टम' धन्याचे, 'डोमिनियम उटिले' जमीन वापरणाऱ्याचे. पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेने ती उचलली आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. खुद्द पोर्तुगालने १९७६ मध्ये ही पद्धत मोडीत काढली.

दिरेतु ज्याच्याकडे, त्याला दरसाल ठरलेला फोर, म्हणजे जमिनीचा खंड मिळतो. गोव्यात हा धनी बहुतेकदा कोमुनिदाद, म्हणजे गावची सामुदायिक जमीन असलेली गावकऱ्यांची संस्था असते. उतिल ज्याच्याकडे, त्याच्याकडे जमिनीचा ताबा आणि उत्पन्न. हा हक्क वारसांकडे जातो, विकताही येतो. म्हणून त्याला कूळ समजू नका. संहितेप्रमाणे अफोरामेंत कायमचा असतो. मुदत घातलेला करार हा साधा भाडेपट्टा.

घोटाळा होतो तो विक्री आणि वाटणीच्या वेळी. उतिल विकताना धन्याला आधी विचारावे लागते, कारण खरेदीचा पहिला हक्क त्याचा. भावंडांना वारसा मिळतो, पण धन्याच्या संमतीशिवाय जमिनीचे तुकडे पाडता येत नाहीत. आपसात रेघा मारून केलेली वाटणी पुढे खरेदीदाराचा वकील हमखास अडवतो. विक्रीवर धन्याने लाउदेमिउ, म्हणजे विक्रीबद्दल धन्याला द्यायची रक्कम मागितली, तर आधी मूळ कराराची तारीख पाहा: संहितेने नव्या करारांत ती ठेवायला मनाई केली होती.

आता कागद. जमीन नोंदणीच्या जुन्या पुस्तकातला वर्णन क्रमांक आणि त्यावरची हक्कनोंद, दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढा. नुसत्या वर्णनावरून हक्क सिद्ध होत नाही. 'मात्रिझ' ही करआकारणीची नोंद, तीही मालकीचा पुरावा नाही. एक-चौदाचा (फॉर्म १ व १४, म्हणजे जमीन महसुलाच्या नोंदीचा) उतारा खरा मानून चालतात, पण उलट पुरावा दिला की तो बदलतो. फोर भरल्याच्या पावत्या जपून ठेवा.

धनी कोमुनिदाद असेल तर आणखी एक कागद मी आवर्जून पाहायला सांगेन. तिथे आधी तात्पुरता ताबा मिळतो आणि लागवड किंवा बांधकामाची अट पुरी झाल्यावरच कायमचा. अट पाळली नसेल तर जमीन कोमुनिदादीकडे परत जाऊ शकते. कायम ताब्याचा दाखला नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.